गज चार बोटं वर राहिला

बीड जिल्ह्यातल्या नेकनूरला मी गेलो होतो रानडुकरांमुळे. हातातोंडाशी आलेला भुईमूग एका रात्रीत कसा उकरला जातो, हे बालाघाटाच्या पठारावरच्या शेतकऱ्यांकडून ऐकायचं होतं. एका माळवदाच्या घरात बोलणं चाललं होतं. सत्तरी ओलांडलेले घरमालक आत गेले, लोखंडी पेटीचं कुलूप काढलं आणि ठासणीची एकनळी बंदूक आणून माझ्यापुढे ठेवली. ‘पीक संरक्षणाचा परवाना आहे,’ ते म्हणाले. ‘माझ्या हाती आल्यापासून एकदाही उडाली नाही. तात्यांची आहे, म्हणून दरवेळी नूतनीकरण करतो.’

तात्या म्हणजे त्यांचे वडील. मालकांना आता परवाना आपल्या मुलाच्या नावावर करायचा होता. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिलं, की ते वारसाला देता येतं. मुलाला मात्र आधी बंदूक नवीकोरी करून घ्यायची होती. त्याच्या फोनमध्ये स्वीडनमधल्या जुन्या शिकारी रायफलींचे व्हिडिओ भरलेले होते. हुस्कवर्ना कंपनीची गंजकी रायफल खोलायची, घासायची, लाकडाला तेल पाजायचं आणि शेवटी ती आरशासारखी चमकवायची. ‘काका, आपलीपण अशी होईल की,’ तो म्हणाला.

बीडमध्ये बंदुकीवर बोलणं आता पूर्वीसारखं सोपं राहिलेलं नाही. डिसेंबर २०२४ नंतर इथल्या शस्त्र परवान्यांची राज्यभर चर्चा झाली, परवाने तपासले गेले, अनेक रद्द झाले. कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांमुळे साऱ्या जिल्ह्याला नाव ठेवलं गेलं. नेकनूरच्या या पेटीतली वस्तू वेगळ्या जातीची आहे, आणि तो वेगळेपणा कोणीतरी नीट पाहावा असं मला वाटलं. म्हणून बाप-लेक बंदूक दाखवायला शहरातल्या परवानाधारक दुकानात निघाले, तेव्हा मीही सोबत गेलो.

दुकानातले कारागीर उस्ताद मूळचे नेकनूरचेच. तरुणपणी शहरात आले आणि बंदुकीच्या कामातच म्हातारे झाले. त्यांनी आधी परवाना वाचला, त्यावरचं वर्णन बंदुकीशी ताडून पाहिलं. मग घोड्याला हात न लावता नळीचं तोंड भिंतीकडे केलं आणि गज हळूच आत सोडला. तो थांबला तिथे नळीच्या तोंडाशी अंगठ्याचं नख टेकवून त्यांनी खूण धरली. गज बाहेर काढून तोच नळीवर बाहेरून लावला. त्याचं टोक नळीच्या बुडापर्यंत पोचायला हवं होतं, ते चार बोटं अलीकडेच थांबलं.

‘भरलेली आहे,’ उस्ताद म्हणाले.

मालक खुर्चीवरून उठलेच. ही बंदूक त्यांनी दरवर्षी पुसली होती, निवडणुकीच्या वेळी जमा करून परत आणली होती, पोरांच्या हातात फोटोसाठीही दिली होती. ठासणीची बंदूक वरून पाहून भरलेली की रिकामी ते कळत नाही. मागून उघडायची सोयच नसते. दारू, बोळा, छर्रे, पुन्हा बोळा, सगळं तोंडातूनच आत जातं आणि गजाने ठासलं जातं. घोड्याखालच्या निपलवर तांब्याची टोपी नसेल तर बंदूक निमूट पडून राहते, पण काळी दारू कोरडी असेल तर वर्षानुवर्षं आपला गुण सोडत नाही. जुन्या घरांतून येणाऱ्या ठासणीच्या बंदुकांबाबत उस्तादांचा पहिला नियम म्हणूनच गजाचा. नाव-गाव मागाहून.

निपल काढून त्यांनी बुडातून पाणी सोडलं आणि बराच वेळ भिजत ठेवलं. मग गजाच्या टोकाला पिळाचा आकडा बसवून हळूहळू फिरवत पहिला बोळा ओढला. त्यामागून शिशाचे छर्रे पांढुरके होऊन बाहेर सांडले. त्यानंतर दुसरा बोळा, आणि शेवटी काळा चिखल. त्याबरोबर गंधकाचा जो वास सुटला, तो नासक्या अंड्याचा होता. अर्ध्या शतकापूर्वीच्या एखाद्या रात्री कोणीतरी बार भरून ठेवला आणि तो तसाच राहिला, एवढंच त्या वासातून कळत होतं. तरी तो मला अजून सोडत नाही.

दुसरा बोळा उस्तादांनी पाण्यात सोडवून पसरला. इरकली लुगड्याचा फाटका काठ होता. मालकांनी तो उचलला, उजेडात धरला आणि पुन्हा ताटलीत ठेवला. ‘आईचं असंल,’ इतकंच म्हणाले. तात्यांनी बार कोणासाठी भरला होता? डुकरासाठी, की वस्तीवरच्या एखाद्या भीतीसाठी? १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचे दिवस संपले. आजही रानडुक्कर शेतात शिरलं तरी वन खात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही. तात्यांचा बार त्या कायद्याच्या आधीचा की नंतरचा, हे छर्ऱ्यांवरून कळण्यासारखं नव्हतं.

नळी रिकामी झाल्यावर माप. उस्तादांनी गजावरची नवी खूण टेपला लावली. ‘एकतीस इंच. वीस इंचाच्या पुष्कळ वर आहे.’ मालकांचा जीव भांड्यात पडला. १९५९ च्या शस्त्र कायद्यात गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठी वीस इंचांचा उल्लेख येतो, आणि परवान्याशिवाय नळी कापून आखूड करायला मनाई आहे. उस्तादांना टेप लावावी लागली ती याच नळीच्या तोंडामुळे. तिथे काणशीच्या आडव्या खुणा होत्या आणि नेम धरायची माशी पुन्हा झाळून बसवलेली होती. म्हणजे कधीतरी नळी कापलेली होती. ‘तोंड फाटलं असेल,’ उस्ताद म्हणाले. ‘जास्त बार भरला की पातळ नळी तिथंच उलते. मग फाटकं तेवढं कापायचं.’ परत येताना गाडीत मालक दोनदा स्वतःशीच पुटपुटले, ‘वीस इंचाच्या वर आहे.’ परवान्याचं वर्णन, टेपचं माप आणि घराची अब्रू त्या क्षणी एकच झाली होती.

ओळख पटवण्याचं काम मला सर्वांत मोलाचं वाटलं. घरात सगळे तिला ‘निजामाची बंदूक’ म्हणत. बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं, तेव्हा ते नाव पडणं साहजिक. उस्तादांनी घोड्याची पट्टी सोडवली, नळी लाकडातून उचलली आणि बुडाच्या खालच्या अंगाला रॉकेलचा बोळा फिरवला. मळाखालून एक अंडाकृती उमटली, आत ई, एल, जी ही रोमन अक्षरं. बेल्जियममधल्या लिएज शहराच्या नळी-तपासणीचा हा शिक्का. तिथे प्रत्येक नळी जादा दारू भरून उडवून पाहत आणि टिकली तर शिक्का मारत. १८९३ पासून या अंडाकृतीवर मुकुट आला. या नळीवर मुकुट नव्हता. म्हणजे नळी १८९३ च्या आधीची. लिएजच्या कारागिरांनी अशा स्वस्त बंदुका जगभर पाठवल्या. विलायती मालाच्या नावाखाली बर्मिंगहॅमच्या बंदुकांबरोबर त्याही आल्या. बर्मिंगहॅमचा जुना शिक्का वेगळा असतो, मुकुटाखाली एकमेकांवर आडवे टाकलेले राजदंड. दोन्हींतला फरक उस्ताद नखाने चाचपून सांगतात.

मुलाच्या फोनमधल्या स्वीडिश रायफलींना असली चाचपणी लागत नाही. हुस्कवर्नाचा कारखाना १६८९ मध्ये राजाच्या सैन्यासाठी बंदुकीच्या नळ्या घडवायला सुरू झाला. पुढे त्याच नावाने शिवणयंत्रं, सायकली, मोटारसायकली निघाल्या. लाकूड कापायच्या करवतींवर ते नाव आजही दिसतं. तिथल्या सैन्याच्या १८९६ च्या माउझर रायफलींवर कारखान्याचं नाव, साल, क्रमांक सगळं ठोकलेलं असतं. दस्त्यावर पितळी चकती असते, तिच्यावर नळी आतून किती झिजली तेही खुणेने दाखवलेलं असतं. पुढे त्यांतल्या कित्येक शिकारी रायफली झाल्या. स्वीडनमध्ये शिकार आजही कायद्याने चालते, शरद ऋतूत मूस हरणांमागे माणसं रानात जातात. तिथे जुनी रायफल पुन्हा चालती करण्याला अर्थ आहे. नेकनूरच्या बंदुकीला ना नाव, ना क्रमांक, ना पुढे चालण्याचं काम. तिच्याकडे शिल्लक आहेत त्या फक्त खुणा.

म्हणूनच मुलगा बफिंग मशीनकडे बोट दाखवून ‘चाचा, यावर चकाचक करा’ म्हणाला, तेव्हा उस्तादांनी मान हलवली त्याचा मला आनंद झाला. ‘यावर धरली तर शिक्का जाईल. काणशीच्या खुणा जातील. मग हिच्याकडं सांगायला काय उरलं, बेटा?’ लाल, भुसभुशीत गंज तेवढा काढायचा, तपकिरी झालेलं लोखंड राखायचं, असा त्यांचा हिशेब. बारीक पोलादी लोकर तेलात बुडवून ते एकाच दिशेने, अगदी हलक्या हाताने घासत होते. दस्त्याला जवसाचं तेल, तळव्याने चोळून. एक थर सुकल्याशिवाय दुसरा नाही.

दस्ता अक्रोडाचा, मनगटाच्या जागी चिरलेला. चिरेवर पितळी पट्टी गुंडाळून खिळे ठोकलेले. पट्टी वाकडीतिकडी होती. मुलाला ती काढून चीर सरसाने भरायची होती. उस्तादांनी पट्टी काढली नाही. त्यांनी नोंदवही उघडली आणि लिहायला लागले : ठासणीची एकनळी, लिएज, १८९३ पूर्वीची, तोंड कापलेलं, नळी एकतीस इंच. मग पेन थांबवून मुलाला विचारलं, ‘पट्टी कोणी मारली?’

मुलाने बापाकडे पाहिलं. बापाला माहीत नव्हतं. मुलाने नेकनूरला आत्याला फोन लावला. आत्याच्या आठवणीत ते पक्कं होतं. पट्टी फुटक्या घागरीची, तात्यांनीच अंगणात बसून ठोकली. खिळे बैलाला पत्र्या मारणाऱ्याकडून बाजाराच्या दिवशी मागून आणलेले. उस्तादांनी भिंगातून खिळ्यांची डोकी पाहिली आणि म्हणाले, ‘बरोबर आहे, पत्रीचेच आहेत.’ मग वहीत ओळीखाली ओळ भरली, आणि मुलाने आत्याला पुढचं विचारलं, नळी कोणत्या साली फाटली म्हणून.