वर्ल्ड कपच्या यादीत नावच नव्हतं, मग शेफाली फायनलमध्ये आली कशी? समजून घ्या सगळा प्रवास

2 नोव्हेंबर 2025 ची रात्र. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून पहिल्यांदाच वनडे वर्ल्ड कप जिंकला. सामनावीर ठरली शेफाली वर्मा, वय वर्षं 21. पण वर्ल्ड कपसाठी ऑगस्टमध्ये जे 15 जणींचे नाव जाहीर झाले होते, त्यात ती नव्हती. सोबत राखीव खेळाडूंची वेगळी यादी होती, त्यातही नाही. मग अशी पोरगी थेट सेमीफायनलला सलामीला उतरते कशी, हा प्रश्न त्या आठवड्यात बऱ्याच जणांना पडला होता.

आधी नियम बघू. आयसीसीच्या स्पर्धेत खेळाडू जखमी झाला की संघ बदली खेळाडू मागू शकतो. आयसीसीची तांत्रिक समिती त्याला मंजुरी देते. बदली खेळाडू राखीव यादीतलाच हवा असं बंधन नाही. मात्र एकदा बदली घेतली की जखमी खेळाडू अधिकृत 15 मधून बाहेर जातो. 26 ऑक्टोबरला बांगलादेशविरुद्ध फिल्डिंग करताना सलामीची प्रतिका रावळ पाय मुरगळून पडली. ती चांगल्या फॉर्मात होती, सांगलीच्या स्मृती मानधनासोबत तिची जोडी जमली होती. चार दिवसांवर ऑस्ट्रेलियाविरुद्धची सेमीफायनल. निवड समितीने फोन लावला शेफालीला.

ती तेव्हा सुरतमध्ये होती, हरियाणाकडून राज्यांची टी-ट्वेंटी स्पर्धा खेळत होती. योगायोग असा की याच सुरतेत सप्टेंबर 2019 मध्ये, 15 वर्षांची असताना, ती भारताकडून पहिला सामना खेळली होती आणि चार चेंडूंत शून्यावर आऊट झाली होती.

पोराच्या नावाने खेळलेली पोर

शेफाली हरियाणातल्या रोहतकची. वडिलांचं दागिन्यांचं छोटं दुकान. क्रिकेटचं वेड वडिलांनाच होतं, ते घरातल्या पोरांना घेऊन सरावाला जायचे. रोहतकमध्ये तेव्हा मुलीला घ्यायला अकादमीवाले तयार नव्हते. वडिलांनी तिचे केस मुलासारखे कापून घेतले. एकदा भाऊ आजारी पडला तर त्याच्या जागी ती मुलांच्या स्पर्धेत खेळून आली, कुणाला पत्ता लागला नाही. 2013 मध्ये सचिन तेंडुलकर आपला शेवटचा रणजी सामना खेळायला रोहतकजवळच्या लाहलीला आला होता. नऊ वर्षांची शेफाली तो सामना बघायला गेली होती.

सहा वर्षांनी त्याच सचिनचा विक्रम तिने मोडला. नोव्हेंबर 2019 मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध 73 धावा काढून ती आंतरराष्ट्रीय अर्धशतक करणारी सर्वांत लहान भारतीय खेळाडू ठरली. 16 व्या वर्षी टी-ट्वेंटीत जगात पहिला नंबर. 2021 ला इंग्लंडमध्ये पहिल्याच कसोटीत 96 आणि 63. जानेवारी 2023 मध्ये तिच्या कप्तानीखाली भारताने मुलींचा पहिला 19 वर्षांखालील वर्ल्ड कप जिंकला. जून 2024 मध्ये चेन्नईला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटीत 205, त्यातलं द्विशतक 194 चेंडूंत. महिला कसोटीत इतकं वेगवान द्विशतक तोपर्यंत कुणी केलं नव्हतं.

एवढं वाचून वाटेल, हिला काढायचं धाडस कोण करणार? पण काढलंच. कारण वनडेत गणित जमत नव्हतं. कसोटीत 205 मारणाऱ्या या पोरीचं वनडेत जुलै 2022 नंतर एकही अर्धशतक नव्हतं. पहिल्या चेंडूपासून उचलून मारायची, दोन चौकार बसायचे आणि झेल जायचा. नोव्हेंबर 2024 मध्ये ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून तिला वगळलं. निवड समितीची चूक होती असं म्हणता येणार नाही, आकडेच तसे होते. त्याच सुमारास वडिलांना हृदयविकाराचा झटका आला होता. संघातून काढल्याचं तिने त्यांना लगेच सांगितलंच नाही, ते बरे होईपर्यंत बातमी दाबून ठेवली.

रिकाम्या स्टेडियमवरचे रन

आता हा भाग नीट समजून घ्या, कारण टीव्हीवर हा दिसत नाही. भारतीय संघातून बाहेर गेलेली खेळाडू घरी बसत नाही, ती आपल्या राज्याच्या संघात परत जाते. तिथे प्रेक्षक नसतात, पण रनांची नोंद होते आणि ती निवड समितीपर्यंत पोचते. डिसेंबर 2024 मध्ये राजकोटला शेफालीने हरियाणाकडून बंगालविरुद्ध 115 चेंडूंत 197 धावा ठोकल्या. गंमत म्हणजे हरियाणाच्या 389 धावा बंगालने पार केल्या आणि तिचा संघ हरला! तरी खातं वाढत राहिलं. 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात टी-ट्वेंटी संघात ती परत आली. वनडेचं दार मात्र बंदच होतं, तिथे प्रतिका रन काढत होती.

म्हणून सुरतेतला फोन आला तेव्हा ती सरावात होती. सेमीफायनलला 5 चेंडूंत 10 करून ती परतली. त्या दिवशी किल्ला मुंबईच्या जेमिमाह रॉड्रिग्जने लढवला, नाबाद 127. जेमिमाह तशी खेळली नसती तर शेफालीच्या नावाची आज चर्चाही झाली नसती.

फायनलला मात्र ती वेगळी खेळली. स्मृतीबरोबर 104 ची सलामी, स्वतःच्या 78 चेंडूंत 87. फटके होतेच, पण एकेरी-दुहेरी धावाही पळून काढल्या. मग आफ्रिकेची जोडी जमू लागल्यावर कर्णधार हरमनप्रीत कौरने चेंडू तिच्या हातात दिला. तोपर्यंत वनडेत तिच्या नावावर जेमतेम एक बळी होता. तिने आधी सुने लूसला स्वतःच्याच गोलंदाजीवर झेलून घेतलं, पुढच्या षटकात मारिझान काप गेली. शेवटी दीप्ती शर्माने पाच बळी घेऊन सामना संपवला.

जल्लोष सुरू असताना प्रतिका व्हीलचेअरवर बसून मैदानात आली. तिच्या गळ्यात पदक नव्हतं, कारण नियमाने ती आता त्या 15 मध्ये नव्हती.