गलाईवाल्याचे रिव्हॉल्व्हर आणि काडतुसाची किंमत

दिल्लीच्या करोल बागेत, बीडनपुरा आणि रैगरपुऱ्याच्या गल्ल्यांत सोने-चांदीच्या व्यापारासोबत मराठी बोली ऐकू येते. ही माणसे खानापूर, विटा, आटपाडी, तासगाव या सांगलीच्या दुष्काळी टापूतली. जुन्या दागिन्यांचे आणि कारागिराच्या चुऱ्याचे सोने मुशीत वितळवून शुद्ध करून देणे हा त्यांचा गलाईचा धंदा. देशभरातल्या सराफ बाजारांत ती पसरली आणि गावाशी नाते ठेवून तिथेच स्थिरावली. ज्याच्या हातून रोज दुसऱ्याचे सोने जाते, त्याच्या मनात स्वसंरक्षणासाठी हत्यार घ्यावे का हा विचार येतोच, आणि विचार आला की पुढचा प्रश्न पैशाचा असतो: परवडणाऱ्या बोरचे, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे, कोणते घ्यावे? विक्रेत्याच्या काउंटरवर त्याचे उत्तर हत्याराच्या किमतीवरून दिले जाते. माझ्या मते ते काडतुसाच्या किमतीवरून, त्याहूनही नेमके सांगायचे तर वर्षभरात सरावासाठी किती काडतुसे झाडता येतील यावरून द्यायला हवे.

परदेशात या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. तिथला जाणकार 9 मिलिमीटरचे पिस्तूल घ्यायला सांगतो. जॉर्ज लुगर यांनी 1902 च्या सुमारास घडवलेले हे काडतूस जगभरच्या सैन्यांनी आणि पोलीस दलांनी स्वीकारले. ते प्रचंड प्रमाणात तयार होते, म्हणून मोठ्या पिस्तुली काडतुसांत तेच सर्वांत स्वस्त पडते. हा सल्ला करोल बागेत मात्र निरुपयोगी आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याखालच्या 1962 च्या नियमांनी .380 आणि .455 ची रिम असलेली काडतुसे किंवा सैन्याचे 9 मिलिमीटरचे काडतूस ज्यात बसेल आणि उडेल, असे प्रत्येक पिस्तूल व रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोरमध्ये टाकले. .303 च्या रायफलीलाही तोच न्याय लावला. सरकारी कोठारातली गोळी खासगी हत्यारात चालता कामा नये, हे त्यामागचे सूत्र. 1878 च्या शस्त्र कायद्यापासून राज्यकर्त्यांना नागरिकाच्या हातातल्या हत्याराबद्दल वाटणारी धास्ती स्वतंत्र भारतातही पूर्णपणे गेली नाही. त्याचा एक परिणाम असा, की सैन्यासाठी मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या उत्पादनामुळे जे काडतूस स्वस्त होते, नेमके तेच भारतीय ग्राहकाला मिळत नाही.

मग उरते .32. स्मिथ अँड वेसनचे .32 लाँग 1896 चे आणि जॉन ब्राउनिंग यांचे 7.65 मिलिमीटर, म्हणजे .32 एसीपी, 1899 चे. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही दोन काडतुसे आजही भारतीय परवानाधारकाच्या हातातली मुख्य काडतुसे आहेत. पहिले रिव्हॉल्व्हरमध्ये चालते, दुसरे पिस्तुलात. पोलिसांच्या पंचनाम्यांत वारंवार दिसणारी ‘केएफ’ ही पितळी बुडावरची अक्षरे आपल्या पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्याची. तो 1869 पासून चालू आहे. 1980 च्या दशकाच्या मध्यावर विक्रीसाठीची आयात बंद झाली. त्यानंतर दीर्घकाळ कानपूरचा लघुशस्त्र कारखाना आणि त्याच्यासारखे इतर सरकारी कारखाने, एवढाच नव्या हत्याराचा वैध मार्ग उरला. स्पर्धा नसली की किंमत चढते आणि रचना जुनीच राहते, तसेच इथे झाले. आयात बंद होण्यापूर्वी आलेल्या वेब्ली किंवा वाल्थरसारख्या जुन्या हत्यारांना मूळ किमतीशी काही संबंध नसलेले भाव आले. 2016 च्या शस्त्र नियमांनंतर खासगी उत्पादनाची वाट रुंद झाली. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये हे सरकारी कारखाने चालवणाऱ्या आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या. 2023 च्या ऑगस्टमध्ये त्यांतल्या कानपूरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया कंपनीने ‘प्रबल’ हे 50 मीटर पल्ल्याचे, सुमारे 700 ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर आणले. तेही .32 चेच.

स्वस्त बोरचा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे आणि तो नीट पाहण्यासारखा आहे. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या अत्याचारानंतर, जानेवारी 2014 मध्ये कानपूरहून महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे .32 चे रिव्हॉल्व्हर आले. वजन 500 ग्रॅम, किंमत 1 लाख 22 हजारांच्या वर. बसने कामावर जाणाऱ्या मुलीला ती किंमत पेलणे अशक्य होते. पुढच्या वर्षी बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्याचे ‘निडर’ आले. ते .22 चे, वजन 250 ग्रॅम आणि किंमत सुमारे 35 हजार, म्हणजे निर्भीकच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. तरीही निडरची जाहिरात ज्या गुणांवर झाली, हलके आणि पर्समध्ये मावणारे, ते शिकणाऱ्याचे गुण नव्हेत. आखूड नळी आणि हलके अंग असले की नेम धरणे अवघड जाते. ज्याला शिकायचे आहे त्याने लांब नळीचे, हातात भरणारे .22 घ्यावे.

.22 लाँग रायफल हे 1887 चे काडतूस स्वस्त का, हे त्याच्या बांधणीत कळते. त्याला बुडाशी वेगळी टोपी नसते. पेट घेणारे मिश्रण पातळ पितळेच्या कडेतच भरलेले असते, पुढे अडीच-पावणेतीन ग्रॅमची शिशाची गोळी आणि थोडीशी दारू. धातू कमी आणि कृती कमी, शिवाय जगभर अफाट खप. झटका इतका सौम्य की शंभर गोळ्या झाडूनही हात बिचकायला लागत नाही. राही सरनोबत या कोल्हापूरच्या नेमबाज 2018 च्या आशियाई खेळांत 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकल्या, त्या याच .22 वर. .32 लाँगचीही दुसरी बाजू आहे. सेंटर फायर, म्हणजे बुडाच्या मध्यावर टोपी असलेल्या काडतुसाच्या, पिस्तुलाच्या स्पर्धांत कमी झटक्यामुळे तेच अनेक नेमबाजांच्या पसंतीचे. याच प्रकारात जसपाल राणा यांनी 2006 च्या दोहा आशियाई खेळांत 590 गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी केली. म्हणजे आपल्या काउंटरवर ‘संरक्षणाचे’ म्हणून विकले जाणारे काडतूस जगात नेमबाजीचे काडतूस म्हणून ओळखले जाते.

यावरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: .22 मध्ये दम नाही. आकडे पाहू. 9 मिलिमीटरच्या गोळीची ऊर्जा नळीच्या तोंडाशी साधारण 480 ते 500 ज्यूल, .32 लाँगची 150 च्या आसपास आणि लहान नळीतल्या .22 ची सुमारे 100. अगदी आखूड नळीत ती आणखी घटते, हे मान्य. पण कायद्याने 9 मिलिमीटर वगळल्यावर उरलेली निवड 150 आणि 100 मधली आहे. या दोहोंतला फरक नेम चुकण्याच्या फरकापुढे किरकोळ ठरतो. करोल बागेच्या अरुंद गल्लीत, दुकानासमोर सदैव माणसे असताना, चुकलेली गोळी कुठे जाते हाच खरा प्रश्न आहे. .22 ची गोळीसुद्धा मोकळ्यावर किलोमीटरच्या पुढे जाऊन जीव घेऊ शकते. कपाटात दहा वर्षे पडून राहिलेल्या .32 चा मालक घाबरलेल्या क्षणी ती कुठे पाठवील, याची हमी कोण देणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कडेवर पेटणारे काडतूस टोपीच्या काडतुसाइतके भरवशाचे नसते, त्यातल्या त्यात स्वस्त बनावटीचे अधूनमधून फुसके निघते. हे खरे आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की पुढचे घर समोर येते, एवढाच त्यावर दिलासा. म्हणून ज्याच्या जिवाला ठोस, पोलिसांच्याही नोंदीत असलेला धोका आहे त्याने .32 घ्यावे, असेच मी म्हणेन. पण अशांची संख्या थोडी. उरलेल्यांचे म्हणणे असते की हत्यार नुसते दिसले तरी पुरे. ते मला घातक वाटते. चालवता न येणारे हत्यार दाखवणाऱ्याच्या हातून ते हिसकावले जाण्याचा संभव मोठा असतो, आणि कायदाही मोजून माप देतो. भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमे संरक्षणाचा हक्क देतात, पण आवश्यक तेवढ्याच बळाचा.

‘काडतुसे स्वस्त झाली तर हत्यारे वाढतील’ ही भीतीही बोलून दाखवली जाते. परवान्याचा उंबरठा .22 च्या आणि .32 च्या रिव्हॉल्व्हरसाठी एकच आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात. परवान्यावर काडतुसांची मर्यादाही लिहिलेली असते. स्वस्त काडतुसाने परवानाधारक वाढत नाहीत, त्यांचा सराव वाढू शकतो. आपल्या कायद्यालाही हे कळलेले दिसते. शस्त्र कायद्याचे 13 वे कलम मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी .22 च्या रायफलीचा किंवा एअर रायफलीचा परवाना द्यायला अनुकूल आहे. रिव्हॉल्व्हरसाठी मात्र सबळ कारण मागते. कायदा करणाऱ्यांनी 1959 सालीच लहान बोर शिकण्याशी जोडला होता.

म्हणून गलाईच्या धंद्यातल्या, तुघलकाबादच्या कर्णी सिंग रेंजच्या शहरात राहणाऱ्या माणसाने क्रम उलटा धरावा. आधी .177 चे एअर पिस्तूल; 20 ज्यूलच्या आतल्या अशा पिस्तुलाला परवाना लागत नाही आणि छर्रा फार स्वस्त पडतो. पॅरिसमध्ये 2024 साली मनू भाकर यांची दोन्ही कांस्यपदके 10 मीटर एअर पिस्तुलाचीच होती. हात बसला, क्लब मिळाला, की .22, आणि तेही विक्रेत्याकडून काडतुसे नियमित मिळतील का हे विचारूनच. सोन्याच्या रक्षणासाठी मात्र आधी पैसा घालावा तो तिजोरी, विमा आणि मालाच्या सुरक्षित वाहतुकीवर. सरकारकडे एकच मागणी. परवाना घेताना प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र 2016 च्या नियमांनी आणले, हे चांगले झाले. आता दर पाच वर्षांच्या नूतनीकरणाला अर्जदाराने त्या काळात मान्यताप्राप्त रेंजवर किती गोळ्या झाडल्या, याचा दाखला मागावा, आणि ज्याच्याकडे तो नसेल त्याचे नूतनीकरण थांबवावे.