हेडिंग्लेवरचे दोन ट्रूमन

इंग्लंडचा वेगवान गोलंदाज फ्रेड ट्रूमन याचं नाव निघालं की आपल्याकडे अजूनही एकच धावफलक आठवतो. हेडिंग्ले, जून 1952, भारताचा दुसरा डाव, चार बाद शून्य. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर. त्यातले तीन ट्रूमनचे, गायकवाड ॲलेक बेडसरचे. पुढे ओल्ड ट्रॅफर्डला ट्रूमनचे 31 धावांत 8 बळी, आपण 58 सर्वबाद, मालिकेत त्याचे 29 बळी. तेवढ्यावर ‘आपले लोक वेगाला घाबरतात’ हा निकाल लावणारे समीक्षक मी आयुष्यभर वाचत आलो आणि त्यांच्याशी भांडत आलो. हेडिंग्लेच्याच त्या कसोटीच्या पहिल्या डावात, त्याच ट्रूमनसमोर, वीस वर्षांच्या मांजरेकरांनी 133 धावा केल्या आणि कर्णधार विजय हजाऱ्यांबरोबर 222 धावांची भागी रचली, हे ही मंडळी का लिहीत नाहीत? दुसऱ्या डावातही हजारे आणि दत्तू फडकर यांनी शंभरावर भर घातली. घाबरलेल्या संघाची ही लक्षणं नव्हेत.

ट्रूमनवरही यात अन्यायच होतो. यॉर्कशायरच्या कोळसा खाणींच्या मुलखात 1931 साली जन्मलेला हा पोरगा तेव्हा हवाई दलात सक्तीची सेवा करत होता. हाडापेराने दणकट, पण कसबाने अजून कच्चा. त्यानंतर वेस्ट इंडिज दौऱ्यात वर्तणुकीवरून बोनस कापला गेला, 1954-55 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याला वगळलं गेलं. ती वर्षं निवड समितीच्या मर्जीची. त्यांत रमण्यासारखं काही नाही.

माझा ट्रूमन आहे तो 1961 चा. मैदान तेच, हेडिंग्ले. समोर ऑस्ट्रेलिया, खेळपट्टी कोरडी आणि उखडलेली. दुसऱ्या डावात त्याने रन-अप आखूड केला, वेग जाणूनबुजून उतरवला आणि ऑफ-कटर टाकायला सुरुवात केली. चोवीस चेंडूंत एकही धाव न देता पाच बळी! डावात 30 धावांत 6, सामन्यात 88 धावांत 11. वेगावर नाव कमावलेल्या गोलंदाजाने भर सामन्यात वेगच बाजूला ठेवायचा, याला केवढा आत्मविश्वास लागतो. आणि मूळचा आउटस्विंगर कुठे हरवला नव्हता. डावा खांदा फलंदाजाकडे, डोळे डाव्या हाताच्या वरून रोखलेले, छाती शेवटच्या क्षणापर्यंत झाकलेली. अशी आडवी, शास्त्रशुद्ध ॲक्शन मी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला समजावत आलो आहे. 1963 मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध लॉर्ड्‌सला 11 आणि एजबॅस्टनला 12 बळी मिळाले ते याच भांडवलावर.

1964 साली ओव्हलवर नील हॉकचा झेल कॉलिन काउड्रीने घेतला आणि कसोटीत तीनशे बळी घेणारा ट्रूमन पहिला ठरला. 67 कसोट्या, 307 बळी, सरासरी 21.57. प्रथम श्रेणीत 2304 बळी, त्यासाठी टाकलेले चेंडू लाखाच्या घरात. कौंटीत आठवडाभर राबूनच त्याचं शरीर घडलं आणि टिकलं. आज कोवळ्या गोलंदाजांचे नेट्‌समधले चेंडू मोजून त्यांना थांबवतात, आणि ते थांबून कशाकडे बघतात, तर वेगमापकाच्या आकड्याकडे. आउटस्विंगर घोटायला हजारो चेंडू लागतात. ते टाकूच दिले नाहीत, तर तो येणार कुठून?