पद्मिनीचं तेल कुठून गळतं?

जुनी प्रीमियर पद्मिनी जपणाऱ्याला विचारलं, की गाडीतून तेल गळतं का, तर उत्तर ठरलेलं: "थोडंसं." हे थोडंसं कुठून येतं, हे मात्र फार जणांनी शोधलेलं नसतं. गॅरेजवाला दिसेल त्या बोल्टवर पाना फिरवतो, वर सिलिकॉन थापतो आणि पंधरा दिवसांनी फरशीवर पुन्हा डाग उमटतात.

घराणं मोठं

या गाडीवर सोलापूरचा थोडा हक्क आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 मध्ये सोलापुरात झाला. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट 1100 बनू लागली आणि तीच गाडी 1974 पासून पद्मिनी या नावाने धावू लागली. इंजिन 1089 सीसीचं. सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 75, ही मापं फियाटने 1937 मध्येच वापरात आणली होती. त्याच घराण्यातल्या इंजिनावर इटलीत सिसितालिया 202 ही देखणी स्पोर्ट्स कार बांधली गेली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1951 च्या मोटारींच्या प्रदर्शनात ती मांडली होती. टॅक्सीचं इंजिन म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही.

आधी डाग ओळखा

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवा आणि इंजिन, गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल व चाकं कुठे येतात त्या खुणा करा. काळपट, पातळ थेंब इंजिन ऑइलचा. दाट, गंधकासारख्या उग्र वासाचा थेंब असेल, तर तो बहुधा डिफरन्शियलचा. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट, बोटाला बुळबुळीत लागणारा ओलावा दिसला, तर ते ब्रेक ऑइल. अशी गाडी दुरुस्तीआधी रस्त्यावर काढू नये. पेट्रोलच्या वासालाही हाच नियम.

उगम वर असतो

तेल खाली उतरतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे ढकललं जातं. त्यामुळे थेंब जिथून पडतो तिथे दोष क्वचितच असतो. इंजिन थंड असताना बॅटरीची तार काढा, डायनॅमो, डिलको (डिस्ट्रिब्युटर) आणि कार्बोरेटर प्लॅस्टिकने झाका आणि रॉकेल किंवा डिझेल लावून ब्रशने इंजिन घासून काढा. पूर्ण वाळू द्या. मग संशयाच्या सांध्यांवर टाल्कम पावडर शिंपडा आणि हैदराबाद रस्त्याने पंधरा-वीस किलोमीटर फिरून या. पांढऱ्या पावडरीवर तेलाची काळी वाट स्पष्ट उमटते. तिचं सर्वांत वरचं आणि सर्वांत पुढचं टोक हाच उगम. या कामाला खर्च जवळजवळ नाही, तरी नेमकं हेच टाळलं जातं.

ब्रीदर

झिजलेल्या रिंगांमधून जळालेला वायू खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात उतरतो. त्याला बाहेर पडायला ब्रीदरची नळी असते. ती काजळीने आणि धुळीने चोंदली, की आतला दाब वाढतो आणि जिथे वाट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतो. मग एक सील बदललं की दुसरं गळू लागतं. इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण उघडा. धुराचे झोत येत असतील तर आधी नळी काढून साफ करा. त्यानंतरही झोत थांबले नाहीत, तर प्रश्न रिंगांचा आहे आणि पॅकिंग बदलून तो सुटणार नाही.

टॅपेट कव्हर आणि चेंबर

बहुतेक गळती इथली. कॉर्कचं पॅकिंग वर्षानुवर्षं तापून पापडासारखं कडक होतं, आणि सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात ते लवकरच होतं. बोल्ट जास्त आवळला की पत्र्याची कड बोल्टपाशी दबते आणि दोन बोल्टांच्या मधून तेल झिरपतं. कव्हर काढा, कड लाकडी ठोकळ्यावर ठोकून सपाट करा, जुन्या पॅकिंगचे अवशेष खरवडा, मग नवं बसवा. उघडलंच आहे तर टॅपेटही तपासून घ्या. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे आणि इंजिन एकदा गरम होऊन थंड झालं की पुन्हा हलक्या हाताने बघायचे. सिलिकॉन लावायचंच तर पातळ रेघ पुरे. जादा आत पिळलं जातं, तुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकू शकतं. पुढच्या पुलीचं सील बदलताना पुलीवर बोट फिरवा. सीलने तिथे खाच पाडली असेल तर नवं सीलही त्याच जागी गळेल.

मागचं सील

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब येत असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरीच मोठी. रात्रीतून चार-दोन थेंब पडत असतील तर माझ्या मते डिपस्टिक पाहावी, तेल घालत राहावं आणि क्लच प्लेटचं काम निघेल तेव्हा सील बदलून टाकावं. क्लच घसरू लागला तर मात्र थांबू नये. गळती बंद करणाऱ्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. त्या रबर थोडं फुगवतात. कॉर्कला त्यांचा उपयोग नाही.

एसी पंप आणि उन्हाळा

डिपस्टिकवर तेल कमी दिसलं की आपण घाबरतो. ते आपोआप वाढलं तर जास्त घाबरावं. इंजिनवर बसवलेल्या एसी पंपाचा, म्हणजे पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल चेंबरमध्ये उतरतं, तेल पातळ होतं आणि बेअरिंग उघडी पडतात. डिपस्टिक हुंगली तरी कळतं. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुन्या रबराची आणखी परीक्षा आहे. पडदा आणि होज इथेनॉल सोसणारे घ्यावेत. भर दुपारी गाडी अचानक बंद पडून सावलीत अर्ध्या तासाने मुकाट सुरू झाली, तर नळीत पेट्रोलची वाफ झाली असावी. पंपावर ओलं फडकं टाकून घर गाठता येतं. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपपासून दूर नेणं.

मंद सेल्फ, मिणमिणते दिवे

बॅटरी विकत घेण्याआधी अर्थिंगची पट्टी सोडवा, दोन्ही टोकं घासून चकचकीत करा आणि पुन्हा आवळा. इंजिनपासून बॉडीपर्यंतची पट्टी तेलाने माखली, की ती कधी गंजली हे दिसतच नाही.