तुमची मुलगी इंजिन जोडायला शिकेल का?

दहावीचा निकाल लागला, की ज्या मुलींना साठ-पासष्टच्या आसपास टक्के मिळालेले असतात त्यांच्या आयांची चलबिचल सुरू होते. अकरावी, बारावी, बी. ए. आणि मग पुढे काय? अशा वेळी कुणीतरी सुचवतं, "आय. टी. आय.ला घाला." आणि आय. टी. आय. म्हटलं की मुलीसाठी ठरलेली तीनच नावं पुढे येतात : शिवणकाम, ब्यूटी पार्लर, नाहीतर कॉम्प्युटर. त्याच आवारात, दोन पावलांवर, मोटर मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक आणि फिटर म्हणजे जोडारी यांचे वर्ग भरत असतात. सरकारी आय. टी. आय.मध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. तरी तिकडे मुलीचा अर्ज सहसा जात नाही.

गेलाच, तर घरात पहिलं वाक्य येतं, "अगं, हात काळे होतील!" दुसरं येतं, "एवढं जड काम तिला झेपणार कसं?" आणि तिसरं जरा हळू आवाजात, "लग्न जमवताना लोकांना काय सांगायचं?"

या तिसऱ्याचं उत्तर ज्याचं त्यानं द्यावं. मुलगी कुठे नोकरीला आहे आणि पगार किती, एवढं सांगितलं की विचारणारे बरेचसे गप्प बसतात, असं मी तरी पाहिलं आहे. पहिल्या दोन प्रश्नांसाठी मात्र आधी हे काम असतं कसं ते समजून घ्यायला हवं. कारण आपण बायका गाडीत बसतो, क्वचित चालवतो, पण बॉनेटखाली काय आहे ते पाहायला कधी वाकत नाही.

केसापेक्षा बारीक जागा

इंजिन म्हणजे बिडाचा नाहीतर अॅल्युमिनियमचा एक मोठा ठोकळा. त्यात गोल, गुळगुळीत पोकळ्या असतात, त्या सिलिंडर. त्यांत पिस्टन वरखाली होतात आणि खालचा क्रँकशाफ्ट त्या वरखाली होण्याचं गोल फिरणं करतो. पायानं चालवायचं शिवणयंत्र आठवा. पावडी खालीवर होते आणि चाक गरगर फिरतं, तसंच हे. गाडी नुसती उभी राहून घुरघुरत असते तेव्हासुद्धा क्रँकशाफ्ट मिनिटाला सात-आठशे फेरे घेत असतो. रस्त्याला लागली की तीन हजारांपर्यंत सहज जातो, म्हणजे सेकंदाला पन्नास फेरे!

इतक्या वेगानं धातू धातूवर घासला तर तापून जागच्या जागी चिकटून बसेल. तसं होत नाही, कारण मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो आणि त्या पापुद्र्यासाठी जागा सोडलेली असते. मोटारीच्या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि त्याचं बेअरिंग यांच्यामध्ये ही जागा साधारण तीन ते पाच शतांश मिलिमीटर असते. आपल्या डोक्याचा केस सुमारे सात शतांश मिलिमीटर जाड! जागा कमी पडली तर तेल शिरत नाही, जास्त झाली तर तेलाचा दाब उतरतो आणि इंजिन ठोके देऊ लागतं.

ही जागा मोजून, खात्री करून पुढे जायचं, हे इंजिन जोडण्यातलं खरं काम. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचता येतो. शिवाय एक मोठी गमतीची रीत आहे. मेणासारख्या मऊ पदार्थाचा शेवईएवढा दोरा क्रँकशाफ्टवर आडवा ठेवायचा, वरून बेअरिंगची टोपी नेमक्या जोरानं आवळायची आणि पुन्हा काढायची. दोरा चेपून किती रुंद झाला ते बरोबर मिळालेल्या कागदी पट्टीशी ताडून पाहायचं. जास्त पसरला तर जागा कमी, कमी पसरला तर जागा जास्त. पुरणपोळीचं पुरण बोटावर घेऊन पाहणाऱ्या बाईला हे सांगून समजावं लागत नाही.

पुढे पिस्टन बसवायचे. प्रत्येकाला सहसा तीन कड्या. त्या पूर्ण बंद नसतात, प्रत्येकीला बारीक फट असते. तिन्ही फटी एका ओळीत आल्या तर जळलेला वायू त्यांतून खाली निसटतो, म्हणून त्या एकमेकींपासून फिरवून ठेवायच्या. मग सिलिंडरचं हेड, म्हणजे वरचं झाकण, आणि मध्ये गॅस्केट. कुकरच्या रिंगेसारखंच काम, पण कुकरची रिंग आपण वर्षभर वापरतो. हेड गॅस्केट एकदा आवळून काढलं की टाकून द्यायचं, पुन्हा वापरायचं नाही. हेडचे बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, ठरलेल्या क्रमानं आवळायचे. एका टोकापासून एकदम घट्ट करत गेलं तर हेड वाकडं बसतं.

सगळ्यात शेवटी टायमिंग. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा वरच्या कॅमशाफ्टचा एक झाला पाहिजे, आणि दोन्हींवरच्या खुणा अचूक जुळल्या पाहिजेत. साखळी एक दात इकडेतिकडे झाली तरी इंजिन नीट चालत नाही. जास्त चुकली तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन व्हाॅल्व्हला धडकतात आणि व्हाॅल्व्ह वाकतात. मशीनमध्ये सुई आणि शटल यांचा मेळ बिघडला की टाका सुटतो, हे आपल्याला माहीत आहे. तिथे कापडावर भागतं, इथे हजारो रुपयांना पडतं.

एवढं सगळं सांगितलं, पण पहिले काही आठवडे इंजिनाला हातसुद्धा लावू देत नाहीत बरं का! आधी कानस, करवत, छिद्रं पाडणं, मापं घेणं. लोखंडाचा तुकडा घासून घासून काटकोनात आणायचा. निदेशक गुण्या लावून उजेडाकडे धरतात आणि फट दिसली की परत घासायला पाठवतात. मुलं-मुली कंटाळतात ती इथेच. माझी एक विद्यार्थिनी डिझेल मेकॅनिकला गेली. ती पहिल्या महिन्यात रडकुंडीला आली होती. दिवाळीत भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, आता इंजिन खोललंय. मुलं जोर लावून नट आवळतात, सर म्हणतात मोजून आवळा."

"मोजून" म्हणजे टॉर्क रेंचनं. किती जोरानं आवळायचं ते त्यावर लावून ठेवता येतं आणि तेवढा जोर झाला की पाना 'कट्' असा आवाज देतो. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १० किलोंचा जोर दिला तर सुमारे ३० न्यूटन-मीटर होतात. बोल्ट मोठा असेल तर पाना लांब घ्यायचा. विहिरीवरून दोन कळश्या आणणाऱ्या बाईच्या ताकदीची मी तरी काळजी करणार नाही. कारखान्यात तर इंजिनाचा ठोकळा कुणी हातानं उचलतच नाही. तो पट्ट्यावरून सरकत पुढे येतो, जड भागांना यारी असते आणि बोल्ट आवळायचं यंत्र डोक्यावर लटकलेलं असतं.

पोस्टकार्डापासून होसूरपर्यंत

१९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं वाचून एका तरुण मुलीनं थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. त्या सुधा मूर्ती. त्यांना नोकरी मिळाली. त्याच कंपनीच्या, आताच्या टाटा मोटर्सच्या, पुण्याच्या कारखान्यात २०२२ पर्यंत हॅरियर आणि सफारी या गाड्यांची जुळणी करणारी सबंध लाइन स्त्रियांच्या हाती आली. संख्या दीड हजारांच्या वर! खास इंजिनांचं म्हणाल, तर तमिळनाडूत होसूरला अशोक लेलँडनं २०२३ मध्ये इंजिनाची एक लाइन पूर्णपणे स्त्रियांकडे सोपवली. आपल्याकडे इगतपुरीला महिंद्रांचा इंजिनांचा कारखाना आहे, फलटणला कमिन्सचे कारखाने आहेत, आणि चाकण-पिंपरीचं तर सांगायलाच नको.

(तसं पाहिलं तर मोटारीची पहिली मेकॅनिकही बाईच. १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याची गाडी शंभरेक किलोमीटर चालवत माहेरी गेल्या. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं साफ केली!)

रात्रपाळीचं विचाराल, तर १९४८ च्या कारखाना कायद्यानं स्त्रियांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळात कारखान्यात काम करायला बंदी होती. २०२० च्या नव्या कामगार संहितेनं ती उठवली. आता स्त्रीची संमती असेल तर, आणि सुरक्षिततेच्या अटी पाळून, तिला रात्रपाळी देता येते. ही संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. संमती हा शब्द मुलीनं लक्षात ठेवावा. नाही म्हणायचाही तिला हक्क आहे.

चार बोल्ट आणि अकरा महिने

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. त्या डिझेल मेकॅनिकच्याच वर्गातली दुसरी एक मुलगी आय. टी. आय.च्या भानगडीत पडली नाही. "दोन वर्षं कशाला घालवायची?" म्हणून बारावीनंतर एका ठेकेदारामार्फत कारखान्यात 'ट्रेनी' म्हणून लागली. सुरुवातीला हातात बरे पैसे आले, आईनं पेढे वाटले. तिचं काम एकच : समोर इंजिन आलं की ठरलेले चार बोल्ट लावायचे, यंत्रानं आवळायचे, दिवा हिरवा झाला की पुढे सोडायचं. पाळीला शेकडो वेळा. अकरा महिन्यांनी सांगितलं, "उद्यापासून येऊ नका." हातात ना प्रमाणपत्र, ना कसब. दुसरीकडे मुलाखतीत विचारलं, "पिस्टनच्या कड्या कशा बसवतात?" तिनं पिस्टन लांबूनच पाहिला होता.

लाइनवर काम करणं वाईट नाही. मोठ्या कारखान्यात काम असंच वाटलेलं असतं. पण 'प्रशिक्षण' या नावाखाली नुसतं काम करून घेणं आणि खरोखर शिकवणं यांत फरक आहे, आणि तो आईबापांनी आधीच ओळखावा.

खरा रस्ता असा. सरकारी कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे आणि आय. टी. आय. तिच्याखाली चालतात. मोटर मेकॅनिक आणि फिटर हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा. तिन्हींना दहावी पास लागतं. फी खाजगी क्लासच्या मानानं फारच कमी. नंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करता येते. तिचा करार नोंदवलेला असतो, विद्यावेतन मिळतं आणि शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. कायदा उमेदवाराला कामगार मानत नाही, त्यामुळे उमेदवारी संपली की नोकरी मिळेलच असं नाही. पण प्रमाणपत्र तिचं, आणि ते कुठेही चालतं. दोन वर्षांचा आय. टी. आय. केलेल्या मुलीला तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मागता येतो. हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

म्हणून कुणी 'ट्रेनिंग'ला बोलावलं तर विचारावं : करार कुणाशी, कंपनीशी की ठेकेदाराशी? तो शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंदवलेला आहे का? शेवटी प्रमाणपत्र कोण देणार? आणि मुलीला किती जागांवर फिरवून काम शिकवणार? उत्तर देताना समोरचा माणूस चिडला, तर तेही एक उत्तरच.

विजेवरच्या गाड्या आल्या, मग इंजिनं राहतील का, असंही मला एका वडिलांनी विचारलं. शंका रास्त आहे. विजेच्या मोटारीत पिस्टन नाहीत, गॅस्केट नाही, टायमिंगची साखळी नाही. पण ट्रॅक्टर, ट्रक, जनरेटर, जेसीबी आहेत, आणि रस्त्यावरच्या लाखो गाड्या आहेत. त्या गॅरेजात येतच राहणार आणि त्यांची इंजिनं कुणीतरी 'बांधून' द्यावी लागणारच. आय. टी. आय.मध्ये आता विजेच्या गाड्यांचाही वेगळा अभ्यासक्रम आहे. जिला मापं घेता येतात, नकाशा वाचता येतो आणि बिघाड कुठे आहे हे क्रमानं शोधता येतं, तिला नवं यंत्र शिकायला महिने लागतील. जिला चार बोल्टच येतात तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

अर्ज भरताना व्यवसायांचा पसंतीक्रम लिहायचा असतो. तो लिहिण्याआधी मुलीला घेऊन एकदा त्या संस्थेत जाऊन या. इंजिनं खरोखर खोललेली आहेत का, की काचेच्या कपाटात रंगवून ठेवली आहेत, ते बघा. मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, त्याला कडी आहे का, ते स्वतः आत जाऊन पाहा. वर्गात आणखी मुली आहेत का, शेवटची एस. टी. किती वाजता सुटते, हेही विचारा. वर्कशॉपमध्ये ओढणी, बांगड्या, अंगठी, लोंबती वेणी काही चालत नाही. केस घट्ट बांधून टोपीखाली, पायात जाड बूट. आणि हात काळे होतातच. धुण्याच्या साबणात चमचाभर साखर घालून चोळले की ग्रीस निघतं, नखांतलं तेवढं दुसऱ्या दिवसापर्यंत राहतं.