वायफाय हळू चालतं? आधी भिंत बघा

पेडणे-डिचोलीकडची जुनी घरं चिऱ्यांची, भिंती जाडजूड. 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान खरा, पण अशा एका भिंतीतच त्याचा जीव जातो. 2.4 गिगाहर्ट्झ हळू, तरी पलीकडच्या खोलीत पोचतो.

म्हणून तक्रार करण्याआधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून स्पीड टेस्ट करा. वेग पूर्ण मिळाला तर लाइन ठीक आहे, अडचण वायफायची. राउटर कपाटातून काढून घराच्या मधोमध, उंचावर ठेवा. 200 एमबीपीएसचा प्लॅन असून केबलवरही आकडा 90-95 ला अडकतो? मग पोर्ट 100 एमबीपीएसचं असेल किंवा केबलमधल्या आठपैकी एखादी तार तुटली असेल. केबल बदलून बघा, स्वस्तात काम होतं. राउटरवरचा लॉसचा (LOS) लाल दिवा लागला तर मात्र फायबरमधून प्रकाशच येत नाही, लाइनमनला बोलवा. आणि गडगडाट सुरू होण्याआधीच राउटरचा अडॅप्टर सॉकेटमधून काढा.