मळ की झीज? स्टेअरिंग आणि डॅशबोर्डच्या सफाईबद्दलचे गैरसमज

आदिलाबादची गाडी सावलीत कमी आणि उन्हातच जास्त उभी असते. बाजार समितीत कापसाचा नंबर लागेपर्यंत उन्हात, रिम्समध्ये पेशंट दाखवून होईपर्यंत उन्हात, केसलापूरच्या नागोबा जत्रेत तर दिवसभर मोकळ्या माळावर. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पावसाळ्यात हवा दमट होते आणि बेला-जैनथकडच्या काळ्या मातीची धूळ बारमाही. हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर, नागपूर सुमारे २००. ४४ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गावर तासन्‌तास घामेजलेले हात स्टेअरिंगवर असतात. मग पाच-सात वर्षांत स्टेअरिंग चकचकीत आणि चिकट होतं, सालपटं निघतात, डॅशबोर्ड पांढुरका पडतो. अशा वेळी ओळखीतला प्रत्येक जण एक इलाज सांगतो: खोबरेल, बूट पॉलिश, पेट्रोल, टूथपेस्ट. यातल्या बहुतेक इलाजांनी नुकसानच होतं, कारण समोर आहे तो मळ की झीज, हे कुणी आधी पाहत नाही.

गैरसमज १ : स्टेअरिंग चमकतंय, म्हणजे लेदर चांगलं आहे.

वस्तुस्थिती : कारखान्यातून आलेलं लेदरचं स्टेअरिंग जवळजवळ मॅट असतं. त्यावर दिसणारी चमक ही हाताचं तेल, घाम, क्रीम आणि धूळ यांच्या थराची असते. स्टेअरिंगच्या दांड्यामागचा भाग पाहा, तिथे हात लागत नाही म्हणून मूळ पोत दिसतो. ओल्या पांढऱ्या सुती फडक्याने चमकणारा भाग हलकेच पुसा. फडकं मातकट झालं तर तो मळ आहे आणि तो निघेल. फडक्यावर स्टेअरिंगचाच रंग उतरला, किंवा पुसूनही खाली फिकट, लवदार डाग राहिला, तर ती झीज आहे. झीज कुठल्याही साबणाने भरून येत नाही. पुढचं सगळं या एका तपासणीवर ठरतं.

गैरसमज २ : खोबरेल तेल किंवा क्रीम चोळलं की लेदर पुन्हा जिवंत होतं.

वस्तुस्थिती : गाडीतल्या लेदरवर रंगाचा आणि त्यावर पारदर्शक संरक्षक लेपाचा थर असतो, बहुधा पॉलियुरेथेनचा. जुन्या वहाणेच्या कातड्यासारखं ते तेल पीत नाही. वरून चोळलेलं खोबरेल लेपावरच राहतं, टाक्यांच्या भोकांत मुरतं, उन्हात खवट होतं आणि धूळ धरून ठेवतं. ते दोन दिवस छान दिसतं, आठवड्यात पुन्हा काळं. शिवाय तेलकट स्टेअरिंग घाटात हातातून सटकू शकतं. पुष्कळ गाड्यांत ‘लेदर’ म्हणून जे मिळतं ते मुळात कृत्रिम असतं आणि खालच्या व्हेरिएंटमध्ये तर नुसता पॉलियुरेथेन फोम. तिथे तेलाचा प्रश्नच येत नाही.

गैरसमज ३ : मळ हट्टी असेल तर पेट्रोल, थिनर किंवा सॅनिटायझर वापरावा.

वस्तुस्थिती : मळ निघतो हे खरं, पण त्याबरोबर संरक्षक लेपही जातो. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन एबीएस प्लास्टिकलाच विरघळवतं, बटणांवरची चिन्हं पुसली जातात. पेट्रोलची वाफ बंद गाडीत साठली की आगीचा धोका वेगळाच. सॅनिटायझरमध्ये बहुतांश अल्कोहोल असतं. कोरोनाच्या काळात अनेकांनी तो रोज स्टेअरिंगवर फवारला, वारंवारच्या अशा वापराने लेप मऊ पडून उतरतो. हात सॅनिटायझरने धुवा, कोरडे होऊ द्या आणि मग स्टेअरिंग धरा. कपडे धुण्याची पावडरही नको. ती क्षारीय असते, तर लेदरचा स्वभाव किंचित आम्लधर्मी.

गैरसमज ४ : चिकट झालेल्या स्टेअरिंगवर पावडर मारली की काम झालं.

वस्तुस्थिती : चिकटपणा दोन प्रकारचा असतो. एक मळाचा, तो धुतल्यावर जातो. दुसरा मटेरियल सडल्याचा. काही पॉलियुरेथेन आणि ‘सॉफ्ट टच’ लेप ओलाव्याने हळूहळू तुटतात, रसायनशास्त्रात याला जलविघटन म्हणतात. उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की ही क्रिया वेगाने होते आणि आदिलाबादच्या जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही असतात. अशा स्टेअरिंगला टाल्कम पावडर लावली की वर पांढरट चिखल होतो, आतलं सडणं थांबत नाही. धुऊन, वाळवून दोन दिवसांत पुन्हा चिकट झालं, तर त्यावर नवं कव्हर शिवून घेणं किंवा स्टेअरिंग बदलणं हाच मार्ग.

गैरसमज ५ : बूट पॉलिशने गेलेला रंग परत येतो.

वस्तुस्थिती : बूट पॉलिश म्हणजे मेण, द्रावक आणि रंग. बुटाला हात लागत नाही, स्टेअरिंगला सतत लागतो. घाम आला की तो रंग तळहातावर, तिथून शर्टवर आणि सीटवर. खरं रंगकाम वेगळं असतं. आधी पूर्ण सफाई, मग बारीक ओल्या सँडपेपरने कडा एकसारख्या करणं, चिरांत लवचीक फिलर, त्यावर स्पंजने लेदरचा पाण्यात मिसळणारा रंग, एकामागून एक पातळ थर, आणि शेवटी मॅट संरक्षक लेप. प्रत्येक थर सुकू द्यावा लागतो. एकाच वेळी जाड थर दिला तर महिन्याभरात पापुद्रे निघतात. लेदर फाटलंच असेल तर रंगाचा उपयोग नाही, कुशनवाल्याकडून हाताने शिवलेलं घट्ट कव्हर बसवून घ्यावं.

गैरसमज ६ : कुठलंही कव्हर चढवलं की स्टेअरिंग सुरक्षित.

वस्तुस्थिती : ढिलं कव्हर वळणावर स्टेअरिंगवरून फिरतं. हात वळतो, चाक तितकं वळत नाही. हे सरळ अपघाताला आमंत्रण. रेक्झिनच्या कव्हरखाली घाम अडकतो आणि मूळ लेप आणखी लवकर सडतो. कव्हर हवंच असेल तर मापाचं, टाके घालून घट्ट बसवलेलं घ्या, आणि आधी खालचं स्टेअरिंग धुऊन पूर्ण कोरडं करा.

गैरसमज ७ : चकाकणारा डॅशबोर्ड म्हणजे नवी गाडी.

वस्तुस्थिती : डॅशबोर्ड मुद्दाम मॅट बनवतात, कारण त्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडू नये. सिलिकॉनयुक्त पॉलिश लावलं की दुपारच्या उन्हात काचेवर पांढरा पट्टा उमटतो आणि समोरून ओव्हरटेक करणारा ट्रक उशिरा दिसतो. तेच पॉलिश स्टेअरिंगला किंवा पेडलला लागलं तर घसरतं. चकचकीत काळ्या पट्ट्यांवर टूथपेस्ट किंवा ‘मॅजिक स्पंज’ घासणंही तितकंच चूक. दोन्ही बारीक सँडपेपरचंच काम करतात आणि कायमचे ओरखडे ठेवतात. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर ओल्या मायक्रोफायबरने पुसून लगेच कोरडं करा.

गैरसमज ८ : नुकसान वापराने होतं, उभ्या गाडीला काय होणार?

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त नुकसान उभ्या गाडीचंच होतं. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बाहेरचं तापमान ३८ अंशांच्या वर असताना गाड्या उन्हात आणि सावलीत उभ्या करून मोजमाप घेतलं. उन्हातल्या गाडीत तासाभरात डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसला आणि स्टेअरिंग ५३ अंशांना पोचलं. सावलीत तेच आकडे सुमारे ४८ आणि ४२ होते. एवढ्या उष्णतेने प्लास्टिक लवचीक ठेवणारी द्रव्यं बाहेर पडतात, डॅशबोर्ड ताठ होतो आणि तडकतो.

यावर उपाय म्हणून काळी फिल्म सुचवली जाते. पण पुढच्या दुपदरी काचेतला मधला थर अतिनील किरण बहुतेक अडवतोच, डॅशबोर्ड तापतो तो उरलेल्या प्रकाशाने आणि उष्णतेने. नियमानुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेलाच पाहिजे, त्यामुळे गडद फिल्म दंडाला पात्र ठरते. त्यापेक्षा पुढच्या काचेला आतून लावायचा चंदेरी सनशेड स्वस्त आणि कामाचा. तो नसेल तर स्टेअरिंगवर पांढरा टॉवेल टाका.

गैरसमज ९ : स्टेअरिंग खोलून धुतलं की नीट साफ होतं.

वस्तुस्थिती : भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, आणि ती हॉर्नच्या पॅडखालीच असते. अपघातात ती काही सहस्रांश सेकंदांत उघडते. घरी पाने-पेचकस घेऊन ती खोलू नका. त्या पॅडवर काही चिकटवू नका, पाणी किंवा स्प्रे थेट मारू नका. शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग डॅशबोर्डमध्ये असते. त्या झाकणावर चिकटवलेली गणपतीची मूर्ती किंवा नक्षीदार पाटी एअरबॅगच्या झटक्याने थेट प्रवाशाच्या तोंडावर येऊ शकते. मूर्ती ठेवायचीच असेल तर त्या झाकणापासून दूर ठेवा.

घरी करायचं ते असं

गाडी सावलीत उभी करून स्टेअरिंग थंड होऊ द्या. कोमट पाण्याच्या तांब्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब टाकून फेस करा. मऊ ब्रश फेसात बुडवा, पाण्यात नाही. तळहाताएवढा भाग घ्या, गोल फिरवत हलकेच घासा आणि मळ सुटला की लगेच पिळलेल्या सुती फडक्याने पुसा, नाहीतर तो मळ टाक्यांत परत बसतो. बटणांच्या फटींत कोरडा टूथब्रश वापरा. डॅशबोर्डची धूळ आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडा. काळ्या मातीतले कण ओल्या फडक्याखाली घासले गेले की ओरखडे पडतात. कुठलंही नवं द्रावण आधी सीटखालच्या लपलेल्या जागी लावून पाहा. शेवटी सगळं कोरड्या फडक्याने पुसून दारं उघडी ठेवा.

बहुतेक ‘खराब’ स्टेअरिंगना एवढंच पुरतं. धुतल्यावर रंग गेलेला दिसला तर रंगकाम करा, फाटलेलं असेल तर शिवून घ्या, सडलेलं असेल तर बदला. पैसे खर्च करायचेच असतील तर पॉलिशच्या बाटलीआधी सनशेडवर करा, आणि एअरबॅगशी संबंधित कुठलंही काम अधिकृत मेकॅनिककडूनच करून घ्या.